दोन बोटं मातीत

नवा बटाटा चोरूनच खायचा असतो, अशी माझी सातव्या वर्षापासूनची समजूत आहे. मी खाल्लेला पहिला नवा बटाटा चोरीचा होता. चोर आमची आजी, आणि शेत तिचं स्वतःचं. तरी तिने आधी बांधाकडे बघून घेतलं, मामा गोठ्यात गुंतलाय याची खात्री केली, पदर कमरेला खोचला आणि सरीत उकिडवी बसली.

"मूठ न्हाय घालायची. दोन बोटं घालायची," ती हळू आवाजात म्हणाली.

बटाटा आत फुगायला लागला की वरंब्याच्या माथ्याला बारीक भेग पडते. पावसाने ती बुजते, उघडीप मिळाली की पुन्हा दिसते. आजी ती भेग शोधायची. मग तर्जनी आणि मधलं बोट खोडाला लगटून आत सारायची आणि डोळे मिटायची. मिटायची म्हणजे अगदी देवापुढे मिटतात तसे. आत काय चाललंय ते तिच्या चेहऱ्यावर उमटायचं. खडा लागला की कपाळाला आठी, बटाटा लागला की ओठाचा एक कोपरा वर. "खडा टोचतो, बटाटा सरकतो," ही तिची खूण. सापडला तरी तो ओढायचा नाही. ओढला तर शेजारची बारकी पोरं तुटतात. दोन बोटांत धरून जरा पिळायचा, म्हणजे देठ आपण होऊन सोडतो. मग माती पुन्हा लोटायची, तळव्याने थोपटायची आणि पुढच्या झाडाकडे सरकायचं. एका झाडाचे दोनच, तिसरा नाही. झाड उभंच. आपल्या पायातलं काही गेलं हे त्याच्या गावीही नसायचं.

पाचसहा झाडांत ओटीत डझनभर जमायचे. सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान. आजी एक उचलायची, अंगठ्याने साल चोळायची. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून यायची आणि आत ओला, पिवळसर बटाटा. त्याला वास असतो. बाजारच्या बटाट्याला मातीचा वास येतो, या बटाट्याला पावसाचा.

हे सगळं सातगाव पठारावरचं. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागलं, चाकण आणि राजगुरूनगर मागे टाकलं, की अवसरीचा घाट उतरून मंचरला जायच्या आधी हे पठार लागतं. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव, थुगाव, कोल्हारवाडी, पारगाव. ही नावं माझी आई एका दमात म्हणायची, माहेरवाशीण जशी म्हणेल तशी. आमच्या पुण्यातल्या शेजारणींना बटाटा म्हणजे तळेगावचा, फार तर इंदूरचा एवढंच ठाऊक. आईला त्याचा राग यायचा. भाजीवाल्याने "तळेगाव आहे, घ्या" म्हटलं की ती हमखास विचारायची, "आणि पठाराचा कुठाय?"

पठाराची गंमत अशी, की देशातला बहुतेक बटाटा थंडीत पिकतो. गंगेच्या मैदानात दिवाळीच्या आसपास लावतात आणि थंडी सरताना काढतात. आमच्याकडे तो पावसाळ्यात. बटाट्याला पोसायला गार रात्र लागते, वीस अंशांच्या आसपासची. उन्हाळ्यात लावला तर नुसता पाला माजतो, खाली काही नाही. पठार उंचावर, त्यात आषाढ-श्रावणात सूर्य आठआठ दिवस तोंड दाखवत नाही. म्हणून मृगाचा पाऊस झाला की इथे बटाट्याची घाई. पाणी आकाशाचंच. वेळ नदी पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहायची आणि पुढे उन्हाळ्यात तिच्या पात्रात आम्ही लगोरी खेळायचो. तेव्हा खरिपाचं हे एक पीक म्हणजे मामाच्या घरचं वर्ष.

बेणं यायचं पंजाबातून, जालंधरकडून. ट्रकवर ट्रक मंचरला उतरायचे. माझ्या लहानपणी घरात एकच नाव ऐकू यायचं, ज्योती. "ज्योतीची गोणी केवढ्याला पडली?" "ज्योतीला कोंब आलं का?" मला वाटायचं ही मामाची कुणी लांबची पंजाबी नातेवाईक असणार. खूप वर्षांनी कळलं की हिचं पूर्ण नाव कुफरी ज्योती. शिमल्याजवळच्या कुफरीचं आडनाव लावून शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ साली हा वाण आणला. फूल पांढरं, बटाटा लांबट-गोल, डोळे उथळ. डोळे उथळ असणं ही सोलणाऱ्या बाईची सोय, हे वाण निवडणाऱ्या शास्त्रज्ञांना सुचलं असेल तर त्यांच्या घरच्या बायकांना माझा नमस्कार.

बेण्याची गोणी ओसरीवर ओतली की आजी, मामी आणि शेजारच्या दोघीतिघी विळ्या घेऊन गोल बसायच्या. बारीक बेणं अख्खं लावायचं. मोठ्याच्या फोडी करायच्या, पण प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे हवेत. आंधळी फोड लावली तर जागा फुकट. कापलेल्या बाजूला चुलीतली राख चोळायची, म्हणजे ती सडत नाही. राख चोळायचं काम आम्हा पोरांचं. संध्याकाळपर्यंत आमची तोंडं अशी व्हायची, की मामा म्हणायचा, "आता ह्यांनाच लावून टाकू सरीत."

लावणीनंतर महिन्याभराने भर द्यायची, म्हणजे सरीतली माती ओढून झाडाच्या बुंध्याशी चढवायची. मामा या कामात फार कडक. बटाटा उघडा पडला, त्याला ऊन लागलं की तो हिरवा होतो. हिरवा बटाटा कडू, आणि पोटात गेला तर बाधतो. हे सोलॅनिन वगैरे मी पुढे शाळेत शिकले. मामाच्या घरात एवढंच सांगायचे, "बटाट्याला तोंड दावू नको, तो हिरवा पडतो." कधी कधी फुलं गळून झाडावर हिरवी फळं धरायची, अगदी बारक्या टोमॅटोसारखी. ती मात्र चाखायची सोय नव्हती. विषारी. "खालचं खायचं, वरचं बघायचं," असं आजी दरवर्षी बजावायची आणि मी दरवर्षी एखादं फळ नखाने फोडून वास घेऊन बघायची.

आजी माळकरी. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. आता हिशेब बघा. मृग-आर्द्रात लावलेला बटाटा आषाढी एकादशीला टीचभर पाल्यावर असतो, गणपतीत पोरसवदा होतो आणि नवरात्राच्या तोंडावर निघतो. म्हणजे त्याचा सगळा जन्म चातुर्मासातला. कांदा-वांग्याने रिकामी केलेली जागा तो दरवर्षी वेळेवर येऊन भरतो. समुद्रापलीकडून पोर्तुगिजांबरोबर आलेला हा पाहुणा आमच्या उपासात इतका मुरला, की उपासाच्या ताटात त्याच्याशिवाय पान हलत नाही. बरं, नावसुद्धा त्याचं स्वतःचं नाही. बटाटा हा पोर्तुगीज शब्द, आणि पोर्तुगिजांकडे तो आला स्पॅनिश लोकांमार्फत, मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा. तिथे तो रताळ्याचा. म्हणजे आपण बटाट्याला गेली तीनचारशे वर्षं रताळ्याच्या नावाने हाक मारतोय आणि तो बिचारा ओ देतोय. एकादशीला ताटात दोघं शेजारी शेजारी असतात, तेव्हा मला हसू येतं.

माळ गळ्यात असली तरी आजी नव्या बटाट्याची भाजी घरच्यांसाठी लसूण घालून करायची आणि स्वतःसाठी वेगळा वाटा आधीच काढून ठेवायची. ही भाजी मी पन्नास वर्षांत शंभर वेळा केली असेन, तिच्यासारखी चारपाच वेळाच जमली. ओटीतले बटाटे गोणपाटाच्या तुकड्यात घ्यायचे, गोणपाटाची दोन्ही टोकं धरून पाण्याच्या धारेखाली घुसळायचे. साल निम्मी जाते, निम्मी राहते. राहिलेली राहू द्यायची. कापायचे नाहीत. लोखंडी कढईत तेल जरा सढळ. मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरव्या मिरचीचे दोन तुकडे, हळद. त्यावर बटाटे, मीठ, आणि वर पितळी ताटली. पाणी भाजीत नाही, ताटलीवर ओतायचं. खाली वाफ कोंडते, वर पाणी तापतं, आणि बटाटे आपल्याच पाण्यात शिजतात. नव्या बटाट्याच्या पोटात पाणी भरपूर असतं, स्टार्च अजून पुरता बसलेला नसतो, म्हणून वेगळं पाणी घातलं की तो मिळमिळीत होतो. ताटलीतलं पाणी चुळचुळायला लागलं की आजी चुलीतलं एक लाकूड मागे ओढायची. मग दहा मिनिटं कुणी झाकण उचलायचं नाही. उचलणाऱ्याला उलथन्याचा प्रसाद.

झाकण निघालं की बटाट्यांच्या एका अंगाला तांबूस पापडी धरलेली. तोंडात घातला की आधी ती पापडी करकरायची, मग आतला लोण्यासारखा भाग. बाजरीची भाकरी, ही भाजी, आणि बाहेर धुईत गुंडाळलेलं पठार. आजीच्या वाट्यात लसणाऐवजी दाण्याचं कूट आणि तूप असायचं. त्यातले दोन मी पळवायची. चोराच्या घरी चोरी.

याहून सोपा प्रकार म्हणजे फुफाट्यातला. रात्रीचा स्वयंपाक उरकला की चुलीतल्या गरम राखेत बटाटे पुरायचे आणि झोपायच्या आधी काठीने उकरून काढायचे. या हातातून त्या हातात नाचवत, फुंकर मारत, खडेमिठाचा खडा दाढेत धरून खायचे. मामेभावाचं म्हणणं, पहिला घास भाजलाच पाहिजे, नाहीतर चव कळत नाही. जिभेचं माहीत नाही, पण त्याचं हे म्हणणं मला अजून पटतं.

मामीने एकदा हौसेने नव्या बटाट्याचे वडे केले. सारण असं चिकट झालं की बोटांना सोडेना, डिंकच. वड्याला मुरलेला, पिठूळ बटाटा हवा, कोवळ्याचं ते कामच नाही. मामीने ते सारण थापून धिरडी घातली आणि "हे असंच करायचं होतं" म्हणाली. आम्ही मान डोलावली.

आता त्या वर्षाचं सांगते. मी चौथीत होते. गणपती बसले आणि पठारावर धुई उतरली ती उठेचना. रात्रंदिवस बारीक झिमझिम, झाडांच्या पानांवरून पाणी ठिपकतंय. चौथ्या दिवशी मामाने एक पान खुडून आणलं आणि ओसरीवर आजीपुढे ठेवलं. कडेला काळपट डाग, आणि उलटं केलं की डागाभोवती पांढरी लव. आजीने पान हातात घेतलं नाही. नुसती म्हणाली, "करपा."

ज्योतीला करपा सहसा धरत नाही अशी तिची कीर्ती होती, त्या भरवशावर तर सगळं पठार तिला लावत होतं. पण असला भरवसा बुरशीला कुठे ठाऊक असतो. मामाने मोरचूद आणि चुना कालवून फवारा मारला, पावसाने तो धुऊन नेला. पुन्हा मारला, पुन्हा गेला. दोन दिवसांत अर्धं शेत काळं. आणि वास. सडक्या पाल्याचा तो वास ओसरीपर्यंत यायचा, गणपतीच्या धुपातूनसुद्धा येत राहायचा. हीच बुरशी १८४५ साली आयर्लंडमध्ये शिरली होती आणि तिथल्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, हे मी पुढे इतिहासाच्या पुस्तकात वाचलं तेव्हा पानावरची ती पांढरी लव आधी डोळ्यांपुढे आली.

मामाने सगळा पाला कापून बांधाबाहेर टाकला. रोग खाली बटाट्यात उतरायच्या आत पीक काढायचं ठरलं. बैल जुंपले, नांगराच्या फाळाने वरंबे फुटायला लागले, आणि मागोमाग बायका पाट्या घेऊन वेचायला. मी धावतच गेले. आणि काय सांगू, सगळ्या शेतभर नवे बटाटेच बटाटे! सुपारीएवढे, लिंबाएवढे, पातळ सालीचे, पावसाच्या वासाचे. जे आजी दोन बोटांनी मोजून काढायची ते पाटीपाटीने. मी आनंदाने ओरडले, "आजी, सगळे आपले!" वेचणाऱ्या बायकांपैकी एकीने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वाकली. कुणी काही बोललं नाही. शेतात एवढी माणसं, आणि फक्त पाटीत बटाटे पडल्याचा आवाज.

बाजारात व्यापाऱ्याने गोणीत हात घातला, एक बटाटा घेऊन अंगठ्याने चोळला. साल सुटून आली. त्याने तो परत गोणीत टाकला. ज्या खुणेवर आजी खूश व्हायची, त्याच खुणेवर त्याने माल नाकारला. त्याचंही चूक नव्हतं. पाला आपण होऊन वाळला की मग जमिनीत पंधरा दिवसांत साल घट्ट होते, तेव्हा कुठे तो बटाटा गोणीत रगडला, ट्रकमध्ये आदळला तरी टिकतो. कोवळ्याला ओरखडा आला की तिथून तो पाणी सोडतो. नव्या बटाट्याची सगळी चव ज्या पातळ सालीत आहे, तिच्यामुळेच तो बाजारात उभा राहू शकत नाही. मिळेल त्या भावाने थोडा गेला, बाकीचा घरी परत आला. एरवी झाडाखाली आरण रचून, वर पाचट घालून दोनतीन महिने माल ठेवायचे. त्या वर्षी आरणीत घालायलाही जीव धजेना.

मग आम्ही तो खाल्ला. सकाळी, दुपारी, रात्री. भाजी, रस्सा, फुफाट्यातला, नुसता उकडलेला. आयुष्यात तेवढे नवे बटाटे मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत, आणि लाज वाटते सांगायला, पण मी तेव्हा अतिशय सुखात होते. बेण्याचे पैसे उसने होते हे मला कोण सांगणार.

त्या भाऊबीजेला मामा पुण्याला आला. आईने ओवाळलं. त्याने ताटात काही टाकलं नाही. दारात एक गोणी ठेवली होती, तिच्याकडे हात केला आणि चपला घालायला लागला. आईने त्याला हाताला धरून जेवायला बसवलं. तो गेल्यावर तिने गोणी स्वयंपाकघरात ओतली. बटाटे सुरकुतले होते, काहींना काळे डाग, दहाबारा सडलेले. आईने पाय दुमडून बसून एकेक बटाटा हातात घेतला, चाकूच्या टोकाने डाग कोरून काढला, उरलेला पातेल्यात टाकला. डाग काढून काढून काही बटाटे आवळ्याएवढे राहिले, तेही तिने टाकले नाहीत. रात्र झाली तरी ती उठली नाही.

पुढे आजी गेली. पठारही बदललं. ज्योतीच्या जागी पुखराज आणि दुसरे वाण आले, चिप्सच्या कंपन्यांचे करार आले. मामेभाऊ आता बटाटा लावतो तो कंपनीचा. तो भाजीला चालत नाही, साखर कमी आणि पीठ जास्त. मामाला हा बटाटा मान्य नाही. "पापुद्र्यात हवा भरून विकायला पिकवतो पोरगा," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते आणि गेली काही वर्षं गच्चीत पोत्यांत बटाटे लावते. टोपलीत विसरलेले, कोंब आलेले बटाटे घ्यायचे. ताजा बटाटा लावून उपयोग नाही, तो काढल्यावर दोनेक महिने झोपलेला असतो, उठायचं नाव घेत नाही. पुण्यात मी दिवाळी झाली की लावते, थंडी धरून. तळाला वीतभर माती आणि शेणखत, त्यावर बेणं, आणि झाड जसं वाढेल तसं पोत्याचा गळा उलगडत वर माती. कुणीतरी सांगितलं होतं, की माती चढवत गेलं तर पोतं तळापासून गळ्यापर्यंत बटाट्यांनी भरतं. आमचं तरी कधी भरलं नाही. खालच्या वीतभरातच काय ते धरतं. तीन पोत्यांत मिळून दीड किलो निघाले तर मी शेजारी पेढे वाटायच्या बेतात असते. बाजारात तेवढ्याला काय पडतं ते मला सांगू नका.

गेल्या डिसेंबरात मामा दवाखान्याच्या कामासाठी चार दिवस आमच्याकडे होता. वय अठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, तरी गच्ची चढला. पोत्यांभोवती एक फेरी मारली. पाला हिरवागार होता, एकदोन फुलं होती, पांढरी. मला वाटलं कौतुक करेल. तो म्हणाला, "भर कमी हाय." मग कठड्याला धरून वाकला, धोतराचा सोगा सावरला आणि खोडाला लगटून दोन बोटं पोत्यात घातली. डोळे मिटले.

मी बघत राहिले. आजीच्या चोऱ्या याला ठाऊक होत्या तर. नुसत्या ठाऊक नव्हत्या, तो स्वतःही करत असला पाहिजे.

ओठाचा एक कोपरा वर गेला. पण बोटं रिकामीच बाहेर आली. त्याने माती लोटली, तळव्याने थोपटली.

"चार हायेत. लिंबाएवढी." बोटं धोतराला पुसत तो म्हणाला. "हात नको लावू. अजून पंधरा दिस थांब, साल धरू दे."

"थांबते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मंचरच्या एसटीत बसवून दिलं, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पिशवी हातात दिली. गाडी चाकणला पोहोचली नसेल, तोवर मी गच्चीत पोत्याशी उकिडवी बसले होते.